नियम लिहा, नाव आम्ही बांधू

प्रति,
मा. अध्यक्ष,
यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया,
नवी दिल्ली

विषय : शर्यतीच्या वेगवान नावा, त्यांची घडण आणि आमच्या दुकानातलं म्हणणं

महोदय,


पत्रावरचा पत्ता वाचून तुम्ही नकाशा उघडाल, म्हणून आधीच सांगतो. रनाळे हे नंदुरबार तालुक्यातलं गाव. समुद्र इथून दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही. आमच्याकडे कापूस, मिरची, पपई. पाणी म्हणाल तर उत्तरेला तापी. ती सारंगखेडा, प्रकाशा करत गुजरातेत शिरते आणि सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. समुद्राशी आमचं नातं आहे, पण एकतर्फी : आमचं पाणी तिकडे जातं, तिकडून इकडे काही येत नाही. २०२४ च्या दसऱ्यापर्यंत तरी आलं नव्हतं.

माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, कुळवाचे फाळ, जे येईल ते करतो. त्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, मशीनला झेंडूची माळ घालून आम्ही बसलो होतो. काम बंद होतं. भाच्याने मोबाइल टँकरला टेकवून उभा केला आणि म्हणाला, "मामा, हे बघ." बार्सिलोनाला अमेरिकाज कपची अंतिम लढत त्याच दिवशी सुरू झाली होती. न्यूझीलंड आणि ब्रिटनच्या दोन नावा धावत होत्या. धावत होत्या म्हणायचं, पण पाण्याला टेकल्याच नव्हत्या. पंचाहत्तर फुटांची, सहा टनांहून जड नाव एका वाकड्या पायावर आणि सुकाणूवर उभी राहून हवेतून चालली होती.

दुकानात तेव्हा चार जण होते. बैलांच्या शर्यतीत आयुष्य घालवलेले आमचे आबा म्हणाले, "हाई काय नाव शे का? हाई ते इमान शे!" निवृत्त गुरुजींनी विचारलं, माणसं कुठे आहेत? माणसं होती, प्रत्येक नावेवर आठ, पण खोबणीत बसलेली. त्यातली चार नुसती सायकल मारत होती. भाचा आयटीआय झालेला, त्याला वेग सोडून काही दिसत नव्हतं. आणि मी बघत होतो तो पाय. एवढा भार घेणारा तो सांधा कुणी, कसा जोडला असेल?

तेव्हापासून आम्ही चौघे या खेळाचे शौकीन झालो. जुन्या शर्यती शोधून पाहिल्या, भांडलो, वाचलं. या पत्रात त्या भांडणाचं सार आहे, आणि शेवटी एक मागणी.

आधी सांगतो, आम्हाला ही नाव कशी समजली. वाऱ्यावर चालणारी वस्तू वाऱ्यापेक्षा वेगाने कशी जाईल, यावर आबांनी पैज लावली होती. ती पैज संक्रांतीच्या पतंगावर सुटली. पतंग एका जागी स्थिर असतो तेव्हा मांजा जेमतेम ताणलेला असतो. तोच पतंग आडवा झेपावला की बोट कापेल इतका खेचतो. वारा तोच असतो. पतंग स्वतःच्या धावण्याने जास्तीचा वारा तयार करतो. शिडाचंही तसंच. वाऱ्याला पाठ देऊन गेलं तर फार तर वाऱ्याइतका वेग मिळणार. आडवं गेलं की दोंडाईचा रस्त्यावर मोटारसायकलवर तोंडावर येतो तसा वारा समोरून येतो, शीड त्यालाही धरतं, आणि वेग वाढत जातो. अडवतं फक्त पाणी. म्हणून नाव पाण्याबाहेर काढायची. पाणी हवेपेक्षा आठशे पट घट्ट, त्यामुळे दाराच्या फळीएवढा पंखही पाण्याखाली राहून टनावारी वजन उचलतो. त्या पंखाला म्हणतात फॉइल.

तो पंख मी ओळखला. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा त्यांची पाती लांबलचक ट्रेलरवरून आमच्या भागातल्या रस्त्यांनी जायची. वळणावर ट्रेलर तासभर अडकायचा आणि आम्ही जवळ जाऊन पात्यावर हात फिरवायचो. एका कडेला जाड, दुसरीकडे सुरीसारखं, मध्ये पोटाला फुगीर. बार्सिलोनाच्या नावेचा पाय म्हणजे तेच पातं, आकाराने लहान आणि पाण्यात बुडवलेलं.

या पात्याला एक मर्यादाही आहे, ती आम्हाला तोरणमाळमुळे समजली. डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून तोरणमाळला चहाचं पाणी खालच्यापेक्षा थोड्या कमी तापमानाला उकळतं. फॉइलच्या वरच्या बाजूला वेगामुळे दाब इतका पडतो की साधारण पन्नास नॉटच्या, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरच्या पुढे पाणी गरम न होताच उकळायला लागतं. वाफेचे बुडबुडे होतात आणि पंखाची पकड सुटते. पॉल लार्सनने २०१२ साली नामिबियाच्या वॉल्विस बे इथे ५०० मीटरवर ६५.४५ नॉट, म्हणजे ताशी १२१ किलोमीटर वेग गाठला, तो या उकळीशी भांडण सोडून. त्याने बुडबुडे होणारच हे धरून वेगळ्या आकाराचा फॉइल घडवला. हे वाचलं त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. जे टळत नाही त्याच्याभोवती काम बेतायचं, हे आम्हा लोखंडवाल्यांचंही शास्त्र.

इथपर्यंत आम्ही चौघे एक होतो. भांडण लागलं ते सायकलवरून.

न्यूझीलंडने २०१७ साली बर्म्युडात सायकलवाले आणले. पूर्वी हाताने चरक फिरवून हायड्रॉलिक दाब तयार करायचे, यांनी पाय वापरले, कारण पायात ताकद जास्त. ती शर्यत ते जिंकले. पुढे काही काळ नियमाने पाय बंद केले, मग पुन्हा उघडले. आता २०२७ ला नेपल्समध्ये अडतिसावी स्पर्धा होणार आहे. तिच्यात सायकलवाले जाणार आणि त्यांच्या जागी बॅटरी येणार. नावेवर पाच जण, त्यांत किमान एक स्त्री. स्त्री आली याचा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. बॅटरीवर मात्र आबा जे बोलले ते दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे : "आमच्या शर्यतीत बॅटरी लावली तर केस होते, यांच्यात लावली तर कप मिळतो."

तुम्ही दिल्लीत असता म्हणून खुलासा करतो. काही हावरे लोक शर्यतीत बैलाला बॅटरीचा शॉक द्यायचे, त्याबद्दल आबा बोलत होते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद पडल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा शर्यतींचा कायदा मान्य केला. आता काठी नको, चाबूक नको, शॉक नको. बंदी आली तेव्हा आबा महिनाभर नीट जेवले नव्हते. शर्यत परत आली तेव्हा म्हणाले, आता खरा बैल कळेल. काठी होती तोवर मारणारा जिंकायचा. काठी गेली तेव्हा बैल वेगळे निवडायला लागले, त्यांना खाऊ वेगळा घालायला लागले, शिकवायची तऱ्हा बदलली. कोर्टाच्या एका कागदाने गोठ्यातलं जनावर बदललं.

बॅटरीच्या भांडणात मी भाच्याच्या बाजूने एक मुद्दा मांडला होता. या नावांचे पाय वर-खाली करणारा हायड्रॉलिक पंप आधीपासून बॅटरीवरच चालतो, सायकलवाले फक्त शिडापुरते होते. म्हणजे 'शुद्ध वारा' तिथे कधीच उरलेला नव्हता. यावर गुरुजींनी विचारलं, मग कुठलं यंत्र चालेल आणि कुठलं नाही, हे ठरवतं कोण? भाचा म्हणाला, नियम. तिथून आम्ही या खेळाचा इतिहास उलटा वाचायला लागलो. आधी नियम बघायचा, मग त्यातून निघालेली नाव.

१८५१ साली 'अमेरिका' नावाच्या शिडाच्या जहाजाने इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइटला वळसा घालून हा कप जिंकला आणि पुढची १३२ वर्षं तो अमेरिकेतच राहिला. १९८३ साली ऑस्ट्रेलियाची नाव जिंकली. तेव्हा नावांची लांबी, शिडाचं क्षेत्रफळ असे आकडे एका सूत्रात घालून हिशोब जुळवावा लागे. तिची रचना करणाऱ्या बेन लेक्सनने तळाच्या जड कण्याला, म्हणजे कीलला, खाली दोन पंख बसवले. नाव पाण्याबाहेर उचलली की ते कापडाने झाकून ठेवायचे. ३-१ ने मागे पडूनही ते ४-३ ने जिंकले. नियमात पंखांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. त्या कोऱ्या जागेत लेक्सनने नाव बांधली.

२०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोला हेच उलट्या दिशेने घडलं. नियम लिहिणाऱ्यांना ७२ फुटी जोडनावा उडायला नकोच होत्या, म्हणून त्यांनी सुकाणूवरची हलती झडप बंद केली होती. न्यूझीलंडच्या लोकांनी बाजूच्या फळ्यांना वाक देऊन नाव उडवलीच. मग सगळेच उडायला लागले. अमेरिकेचा संघ ८-१ ने मागे असताना ९-८ ने जिंकला, ती शर्यत आम्ही दोन रात्री जागून पाहिली. पण त्याच वर्षी ९ मे रोजी सरावात एक नाव उलटून तुटली आणि ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला अँड्र्यू सिम्प्सन तिच्याखाली अडकून गेला. त्यानंतर हेल्मेट, चिलखतासारखी जाकिटं, श्वासाच्या बाटल्या, वाऱ्याची कमी मर्यादा हे सगळं आलं. नियमात राहिलेली फट कधी कप देते, कधी जीव घेते. ट्रॉलीच्या हुकाला दुसरी पिन घालायची सक्ती कधी येते, हे आमच्या रस्त्यांवर सगळ्यांना माहीत आहे.

महोदय, आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. ती आपल्या घरची आहे.

१९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटा, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. ३१२ दिवस लागले. असं करणारा जगातला पहिला माणूस. त्याची ३२ फुटी 'सुहेली' साठच्या दशकात मुंबईत बांधली गेली, सागवानात, आपल्या सुतारांच्या हातांनी. तिचा सरासरी वेग ताशी सात-साडेसात किलोमीटर निघतो. आबांच्या बैलांची दुडकी चाल. २०१७ साली फ्रान्सच्या फ्रान्स्वा गाबारने हीच एकट्याची प्रदक्षिणा तीन धडांच्या नावेतून ४२ दिवसांत केली. भाचा म्हणतो, बघा, सात पट प्रगती. खरं आहे. पण सुहेली बांधायला जे लागलं ते मुंबईच्या एका कारखान्यात होतं. गाबारच्या नावेसाठी कार्बनच्या भट्ट्या, संगणक आणि मोठ्या कंपनीची तिजोरी लागते.

सुहेली जिच्यात धावली ती गोल्डन ग्लोब शर्यत २०१८ साली पुन्हा सुरू झाली. तिचा नियम ऐकून गुरुजी खुर्चीतून उठलेच : १९६८ साली जे होतं तेवढंच वापरायचं. उपग्रहावरून रस्ता बघायचा नाही. सूर्य, तारे, कागदी नकाशा आणि सेक्स्टंट. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी 'थुरिया' घेऊन उतरले. ती सुहेलीचीच प्रतिकृती, गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला, तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तोच माणूस २०२२ ला पुन्हा निघाला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. तिथे वेग कुणी विचारत नव्हतं, तरी आम्ही ती जुनी शर्यत रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी, आजच चालू असल्यासारखी, दिवसामागून दिवस वाचून काढली.

दांडेकरांनीच 'म्हादेई' बांधली. तिच्यातून आपले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा करून आलेले पहिले भारतीय ठरले. पुढे तिच्यातूनच टॉमी न थांबता गेले. मग 'तारिणी' आली, २०१७-१८ ला सहा नौदल अधिकारी महिला आणि २०२४-२५ ला दोघी तिच्यातून जग फिरून आल्या. या सगळ्यामागे हट्ट धरून बसलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. त्यांचा जन्म सुरतेचा. म्हणजे आमच्याच तापीच्या काठचे. आमचं पाणी वाया गेलं नाही, असं गुरुजी तेव्हापासून सांगत असतात.

आता या दोन टोकांमध्ये प्रेक्षक कुणाच्या बाजूने असतो? आमच्या दुकानात एकमत होणं कठीण, पण एका नावावर झालं. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या २०२४-२५ च्या वांदे ग्लोब शर्यतीत शार्ली दालँ ६४ दिवस १९ तासांत फॉइलवाल्या नावेतून पहिला आला. आधीचा विक्रम नऊ दिवसांहून जास्त फरकाने मोडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर जवळजवळ महिन्याभराने २३ वर्षांची व्हायोलेट दोरांज जुन्या, फॉइल नसलेल्या नावेतून २५ वी आली. शर्यत पुरी करणारी सगळ्यात लहान खलाशी. बंदरावर तिच्यासाठी लोटलेली गर्दी बघून आबा म्हणाले, "ही आपली." का आपली? कारण तिची नाव त्यांना समजत होती. पाणी कापत जाणारी, लाटेवर आपटणारी, रात्री कण्हणारी.

मी मात्र फॉइलला शिव्या देणाऱ्यांतला नाही. वेग वाईट, जुनं चांगलं, हे म्हणणं सोपं आहे आणि ते दुकानात कुणी म्हणालं की मी विचारतो, मग तू पाभर सोडून ट्रॅक्टर का घेतलास? अमेरिकाज कपवाले एका टोकाला नियम लिहितात : डोकं आणि पैसा लावा. गोल्डन ग्लोबवाले दुसऱ्या टोकाला : १९६८ च्या पुढे यायचं नाही. दोन्ही शर्यती थरारक झाल्या, कारण दोन्हीकडे कुणीतरी आधी कागदावर विचार केला होता. आमच्यासाठी, म्हणजे रनाळ्याच्या माणसासाठी, अजून कुणी कागद घेतलेला नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

असा कागद जगात पूर्वी लिहिला गेला आहे. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होड्या बांधणाऱ्याला सांगण्यात आलं की पोरांसाठी अशी होडी काढ, जी पन्नास डॉलरच्या आत बापलेकांना घरी बांधता येईल. त्याने प्लायचा विचार केला. प्लायची शीट आठ बाय चार. म्हणून होडी आठ फुटांपेक्षा थोडी कमी, पुढून चपटी, पेटीसारखी. तिचं नाव ऑप्टिमिस्ट. आज जगभरच्या पोरांची पहिली शिडाची होडी तीच आहे, आणि तुम्हाला हे मी सांगायला नको. मला गंमत वाटली ती वेगळीच. आठ बाय चारची शीट आमच्या दोंडाईच्याच्या प्लायवाल्याकडेही त्याच मापाची मिळते.

१९६२ साली इंग्लंडमध्ये एका वर्तमानपत्राने 'मिरर' होडी काढली. प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यावर काचेच्या कापडाची पट्टी राळेने चिकटवायची. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. माणसांनी घराच्या अंगणात बांधल्या, सत्तर हजारांवर गेल्या. नाव शिवायची कला आपल्याकडे कितीतरी जुनी. मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली 'कौंडिण्य' खिळ्यांऐवजी काथ्याने शिवली आहे. तीही गोव्यातच बांधली. तिचा नकाशा कुणाकडे नव्हता. अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं जहाजाचं चित्र हाच आधार. अजिंठा म्हणजे खानदेशाचा उंबरठा. भिंतीवरचं चित्र पाहून समुद्रात जाणारं जहाज उभं करणाऱ्या देशात एक पेटीसारखी होडी लिहिणं अवघड नसावं.

म्हणून मागणी अशी. तुम्ही एक भारतीय होडीचा नियम लिहा. माझ्या धंद्यातल्या अनुभवाने त्याची कलमं मी सुचवतो, दुरुस्ती तुमच्याकडे तज्ज्ञ आहेत ते करतील.

पहिलं, सामान. आठ बाय चारच्या किती शीट, ते ठरवून द्या आणि त्यापुढे एकही नाही. डोलकाठी तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाइपची. कार्बन नको. एकूण खर्चाला कुलूप लावा आणि पावत्या तपासा.

दुसरं, सुरक्षितता. होडी उलटली तरी बुडता कामा नये, एकट्या मुलाला ती सरळ करता आली पाहिजे, आणि लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात उतरायचं नाही. सिम्प्सनचं नाव या कलमाच्या वर लिहिलं तरी चालेल.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं : एक जागा मोकळी सोडा. लेझर होडी सगळीकडे सारखीच, ती १९७१ पासून चालते आहे, आणि खेळाडूचा कस बघायला ते योग्यच आहे. पण सगळंच बंद केलं तर बांधणाऱ्याच्या डोक्याला काम उरत नाही. सगळंच उघडं सोडलं तर श्रीमंताचा पैसा जिंकतो. आमच्या ट्रॉलीची चाकं, लांबी, रुंदी ठरलेली असते. तरी जोडकाठीची वाक प्रत्येक मिस्त्रीची वेगळी, आणि शेतकरी त्या वाकेवरून मिस्त्री ओळखतो. तसं होडीचं धड सगळ्यांचं एक ठेवा, शीड एक ठेवा, आणि पाण्याखालची फळी व सुकाणूचं पान प्रत्येकाला आपल्या अकलेने घडवू द्या. माप ठरवा, आकार सोडा. उद्या एखाद्या आयटीआयच्या पोराने त्या फळीला वाक देऊन होडी दोन बोटं जरी वर उचलली, तर तो आपला लेक्सन. कापड मी पुरवतो झाकायला.

तुम्ही विचाराल, पाणी कुठे आहे, वारा कुठे आहे? पाणी सारंगखेडा आणि प्रकाशाच्या बॅरेजमागे पावसाळ्यानंतर साठलेलं असतं. वारा नसता तर ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या कुणी कशाला उभ्या केल्या असत्या? उन्हाळा संपता संपता तो पश्चिमेकडून असा येतो की पत्रे बांधून ठेवावे लागतात. माणसं मिळतील का? शेजारच्या मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शीड शिकली आणि २०२३ मध्ये हांगचौ एशियाडला रौप्यपदक घेऊन आली. आमच्या बाजूला चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, दुष्काळी गावात विहिरी खणणारा, सैन्यात जाऊन वल्हं धरायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. समुद्र दोघांच्याही दारात नव्हता.

अजून एक कारण आहे, ते शर्यतीपेक्षा मोठं. आमच्याच जिल्ह्यात धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत सरदार सरोवराच्या फुगवट्याला लागून गावं आहेत. तिथे नाव ही एसटी आहे. दवाखानासुद्धा तिथे पाण्यावर तरंगत जातो. जिल्ह्यातली शंभर पोरं जर शर्यतीसाठी का होईना सांधा कसा जोडायचा, भार कुठे ठेवायचा, उलटलेली होडी कशी सरळ करायची हे शिकली, तर नर्मदेच्या काठच्या माणसाला त्याचा उपयोग होईल. वेगाच्या शर्यतींबद्दल नेहमी सांगतात की तिथे शोधलेलं पुढे साध्या माणसाच्या कामी येतं. ते खरं ठरायला आमच्याकडे फार वर्षं लागणार नाहीत.

बार्सिलोनाच्या नावेबद्दल मला अजूनही तितकंच नवल आहे. नेपल्सची शर्यत आम्ही बॅटरीसकट बघू, आबा शिव्या देत देत बघतील. पण नुसतं बघणाऱ्याचं मत नेहमी दुरून दिलेलं असतं. ज्याने एकदा तरी सांध्यातून पाणी आत आलेलं पाहिलं आहे, त्याच्या मताला वजन येतं. आम्हाला ते वजन हवं आहे.



आपला,
रनाळ्याचा एक ट्रॉलीवाला
(आबा, गुरुजी आणि भाचा यांच्या संमतीने)

ता. क. : भाच्याने दुकानाच्या फरशीवर खडूने आठ बाय चारचा चौकोन आखून त्यात होडी बसवून पाहिली आहे. कापलं अजून काही नाही, कारण नियम नसताना बांधलेली होडी कुणाशी शर्यत लावणार? दिवसभर ट्रॉल्या वरून जातात आणि चौकोन पुसला जातो. तो संध्याकाळी पुन्हा आखतो, दर वेळी थोडा वेगळा. खडूची पेटी निम्मी झाली आहे, तेव्हा उत्तर जरा लवकर द्यावं.